टेम्पोभर कलमं: दापोली, भाट्ये, वेंगुर्ले

दिवस पहिला: ठाणे ते दापोली

वडिलांच्या मागे लांज्याकडची तीन एकर वरकस, म्हणजे उताराची हलकी, जमीन माझ्या नावावर झाली. तेव्हा मी बँकेत होते, त्यामुळे त्या जमिनीचा आणि माझा संबंध सातबाऱ्यापुरताच. यंदा नोकरीतून मोकळी झाले आणि चुलतभावाला, दादाला, फोन केला की पावसाळ्यात झाडं लावायची म्हणते. तो म्हणाला, "लाव की. पण कलमं रस्त्यावरच्या नर्सरीतनं नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठातनंच आणूया. माझा टेम्पो हाय." असा हा पाच दिवसांचा बेत ठरला, जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला.

मी ठाण्याहून मांडवी पकडली. पावसाळी वेळापत्रकामुळे गाडी जरा सबुरीने चालते, त्याचा फायदा एकच, खिडकीतून भातलावणी नीट बघायला मिळते. माणगावच्या पुढे मळे हिरवे दिसत होते, पण दर चार मळ्यांमागे एक नुसता गवताचा. माणसं नाहीत. जी आहेत त्यांची मजुरी परवडत नाही, आणि जे पिकतं ते माकडं आणि डुकरं नेतात. डब्यातले एक आजोबा त्या पडीक मळ्याकडे बोट करून म्हणाले, "भाताची वाणं किती काढली विद्यापीठाने! माकडावर एखादं काढायला सांगा." डबा हसला. आजोबा मात्र हसले नाहीत.

खेडला दादा टेम्पो घेऊन उभा होता. पहाटेच लांज्याहून निघालेला, महामार्गाला शिव्या घालून घालून घसा बसलेला. खेड ते दापोली घाटवळणं, धुकं आणि भिजलेल्या चिऱ्यांच्या गडग्यांवर वीतभर शेवाळ. संध्याकाळी दापोलीत पोचलो. ह्या गावाला जुनी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात, इंग्रजांची छावणी होती म्हणून. लॉजवर गरम भात, कुळथाचं पिठलं. रात्रभर पत्र्यावर पाऊस.

दिवस दुसरा: दापोली

दापोलीत कृषी महाविद्यालय 1965 मध्ये आलं आणि 18 मे 1972 रोजी इथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं. त्याच दिवशी परभणीचंही. राहुरी आणि अकोला आधीच झाली होती. कोकणाला स्वतःचं विद्यापीठ कशाला, हा प्रश्न ज्यांनी इथला पाऊस आणि इथली जमीन पाहिली नसेल त्यांनाच पडेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा चार महिन्यांत. जांभ्यातून पाणी निथळून समुद्राला जातं आणि मे महिन्यात विहिरीच्या तळाशी बेडूक दिसतो. उतारावर मातीचा थर हातभर, खाडीकाठाला खारं पाणी बांध फोडून भाताच्या शेतात. जमिनीचे तुकडे असे की एकाचा गडगा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. देशावरच्या ऊस-कांद्याचा सल्ला इथे काय कामाचा?

आम्ही सकाळी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत गेलो. मला हवी होती कोकमाची कलमं. दादाला ते पटलेलं नव्हतं. "कोकम काय लावायचं असतं? ते उगवतं आपलं आपण." त्याचं खरंच होतं. आमच्या पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला सात कोकमं आपली आपण उगवलेली. त्यातली चार आजवर एकही फळ न देता उभी.

रोपवाटिकेतल्या ताईंनी ते ऐकलं आणि हातातलं काम न थांबवता सांगितलं, "नर असतील." कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी. बी लावलं की साधारण निम्मी झाडं नर निघतात, आणि ते कळतं फुलं आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षं पाणी घातल्यावर, गुरं राखल्यावर. कोकणात कोकमाची बाग म्हणून फारशी कोणी लावली नाही यामागचं मोठं कारण हेच. रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर चांगल्या मादी झाडाची काडी बांधली की हा जुगार संपतो. 'कोकण अमृता' ही जात विद्यापीठाने 1997 मध्ये दिली, पुढे 'कोकण हातीस' आली, पण माझ्या मते जातीपेक्षाही मोठी गोष्ट ही कलमाची. ताईंनी एक बारकावाही सांगितला. काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतली तर कलम जन्मभर आडवंच पसरतं, वेलासारखं. आणि बागेत थोडे नर ठेवायचे, नाहीतर परागाविना फळं धरणार कशी?

"म्हणजे आमचे चार आहेत ते पुरेत," दादा म्हणाला. चार निरुपयोगी झाडांना अचानक काम मिळालं. वीस कलमं घेतली.

शेजारच्या शेडमध्ये आंब्याची कोयकलमं चालली होती. मी तासभर तिथेच बसले. वाफ्यावर पेरलेल्या कोयींना तांबूस, लुसलुशीत कोंब आलेले. पंधरा-वीस दिवसांचं पोर ते. एकजण कोंब कोयीपासून चार बोटांवर छाटतो, मधोमध चीर देतो. दुसरीच्या हातात हापूसच्या मातृवृक्षाची काडी, पानं आधीच काढून ठेवलेली, तिचा पाचरीसारखा छेद. पाचर चिरेत बसवायची, वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, पिशवीत लावायची. मिनिटाच्या आत एक. माझ्या आजोबांच्या काळात भेटकलम होतं. कुंडीतलं रोप मोठ्या झाडाच्या फांदीशी बांधून तीन-तीन महिने ठेवायचं, सगळं झाड कुंड्यांनी लगडलेलं, आणि एका झाडापासून मिळणार ती मोजकीच कलमं. 1990 पासून रोजगार हमी योजनेतून शंभर टक्के अनुदानावर फळबागा लावायला सुरुवात झाली तेव्हा कोकणाला लाखांनी कलमं लागली. भेटकलमावर ती कुठून पुरी पडणार होती?

दुपारी दादाचा जुना वाद निघाला, कल्टारचा. हापूस एकाआड एक वर्ष धरतो. यंदा लगडला की पुढच्या साली झाड नुसतं पालवीत दंग. जमिनीतून पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपलं कल्टार, दिलं की पालवीची वाढ आवरते आणि मोहोर दरसाल, तोही लवकर येतो, हे संशोधन दापोलीचं. शिफारस अगदी नेमकी आहे. 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात, झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून, दर मीटरला 3 मिलि. पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर गोल पंचवीस-तीस भोकं पाडून त्यात ओतायचं.

"तू किती देतोस?" मी विचारलं.

"एक पेला."

"केवढा पेला?"

दादाने हाताने दाखवला. तिथले सर, जे इतका वेळ शांतपणे ऐकत होते, त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मग म्हणाले, "झाड किती मीटरचं आहे तुमचं?" दादाने कधी मोजलेलं नव्हतं. पूर्व-पश्चिम एकदा, दक्षिणोत्तर एकदा, दोन्हींची सरासरी, हे त्यांनी कागदावर काढून दिलं. आठ मीटर झाडाला 24 मिलि होतात. दादाचा पेला त्याच्या पाच-सहा पट. जास्त दिलं की पालवी आखडते, फांद्यांच्या टोकाला झुबके येतात, झाड चार वर्षांत म्हातारं दिसायला लागतं. खत मात्र कोणी वाढवून देत नाही. जे बागा वर्षा-दोन वर्षांच्या कराराने घेतात ते तर ओततातच. झाड पुढे मेलं तर मालकाचं.

बाहेर पडताना विक्री केंद्राबाहेर आंबे काढायचा झेला टांगलेला दिसला, पात्याचा, देठासकट फळ उतरवणारा. दादा म्हणाला, "हा माझ्याकडं हाय की. ह्यांनी पण ठेवलाय विकायला?" मला हसू आलं. नूतन झेला दापोलीचाच. साध्या झेल्याने देठ तुटतो, चीक फळावर ओघळतो आणि काळा डाग राहतो, म्हणून हा काढला. फळमाशीसाठी दादाने बागेत टांगलेला 'रक्षक' सापळाही इथलाच, हेही त्याला ठाऊक नव्हतं. टेम्पोत बसल्यावर मी बराच वेळ हाच विचार करत होते. जे लोकांच्या हातात रुळलं ते दादाचं झालं, त्यावरचं विद्यापीठाचं नाव कधीच पुसलं गेलं. नाव शिल्लक राहतं ते जे कोणी उचललं नाही त्याला. मग लोक म्हणतात, विद्यापीठाने केलं काय?

दिवस तिसरा: दापोली ते रत्नागिरी, मग घर

संगमेश्वरच्या आसपास रस्त्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. मागे ताडपत्रीखाली कोकमाची कलमं आणि पुढे आम्ही, सारखेच हिंदकळत होतो.

रत्नागिरीत काजळी नदीच्या पुलापलीकडे भाट्ये. किनाऱ्यावर सुरूचं बन आणि त्याला लागून नारळ संशोधन केंद्र. ते विद्यापीठाहूनही जुनं, 1955 चं. बाणवली नारळातून निवडलेली 'प्रताप' ही जात इथली. पण मला बघायची होती ती लाखी बाग.

नारळ पंचवीस फुटांवर लावतात. मधली जागा उन्हाची पण नाही, सावलीची पण नाही, आणि वर्षानुवर्षं रिकामी. इथे चार नारळांच्या मध्ये एक जायफळ. कडेला दालचिनी, 'कोकण तेज' जातीची. नारळाच्या खोडावर मिऱ्याचे वेल. बाग तरुण असताना केळी आणि अननस. वर नारळ, मध्ये जायफळ, खाली दालचिनी, असा तीन मजल्यांचा वाडा. आत शिरलो तर भरदुपारी दिवेलागणीसारखा उजेड आणि पायाखाली ओला पालापाचोळा. एका माणसाने दालचिनीची फांदी कापून साल सोलून दाखवली, बोटांना दिवसभर वास राहिला.

'लाखी' या नावाला भुलून सगळ्यांनी तशी बाग करावी असं मात्र मला वाटलं नाही. बारमाही पाणी आणि रोजचा हात लागतो याला. आमच्या शेजारच्या वाडीत एकाने हौसेने लावलेली लाखी बाग मुंबईत बसून बघतो, ती आता जळणाची बाग झाली आहे. पण घरामागे अकरा नारळ, बारमाही विहीर आणि दिवसभर त्यांच्यातच वावरणारी वहिनी असेल तर?

जायफळाचं तेच, नर वेगळा आणि मादी वेगळी. इथेही कलमच. 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद', 'कोकण श्रीमंती', आणि एकाच झाडावर दोन्ही फुलं येणारी 'कोकण संयुक्ता'. दादा नावं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "संयुक्ता द्या. एकाच घरात भागतंय तर दोन चुली कशाला?" चार घेतली.

झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे, विद्यापीठाच्याच सागरी जीवशास्त्रीय केंद्रात. लहानपणी वडिलांनी दाखवला होता, म्हणून वाट वाकडी करून गेलो. सांगाडा तितकाच मोठा वाटला. दादा म्हणाला, "ह्याचं कालवण केलं असतं तर अख्खी वाडी जेवली असती."

काळोखात घरी पोचलो. वहिनीने आमसुलाचं सार आणि तांदळाची भाकरी ठेवली होती. शेतात 'रत्नागिरी आठ' लावलंय म्हणाली, शिरगावच्या केंद्रातलं वाण. रोपं ओळीत, आणि चार चुडांच्या मध्ये एक युरिया-डीएपीची गोळी खोचायची. पूर्वी खत फेकायचो ते पाटाच्या पाण्याबरोबर शेजारच्या मळ्यात जायचं, आता आपलं आपल्यालाच, असं तिचं मत. हे कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "बचतगटातल्या एकीने." तिला कोणी, ते तिला माहीत नाही.

दिवस चौथा: वेंगुर्ले

पहाटे निघालो. राजापूर सोडल्यावर रस्ता लोण्यासारखा. कणकवली, कुडाळ, तिथून आत वळून वेंगुर्ले. विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राच्या आवारात काजू आणि आंब्याची जुनी झाडं पावसात न्हात उभी. हापूसच्या माणसाने इथे एकदा तरी यावं.

'रत्ना' इथली. दक्षिणेकडचा नीलम दरसाल धरतो, त्याचा हापूसशी संकर करून 1981 मध्ये ती आली. दरसाल फळ, आणि कापल्यावर साका नाही. साका म्हणजे आतला तो पांढरट, खरखरीत, आंबट भाग. फळ बाहेरून देखणं आणि आत दगा, त्यापायी किती पेट्या परत आल्या असतील! पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 1992 मध्ये 'सिंधू', जिची कोय कागदासारखी पातळ. मी एकदाच खाल्ला आहे, वडिलांच्या मित्राकडे. कोय लागेल म्हणून दात जपत होते, ती आलीच नाही.

मग कोकणभर सिंधू का नाही? मी हे तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "बाई, वाशीत पेटी उघडली की दलाल पहिलं काय विचारतो?" हापूस का, हेच ना. नावाला भाव आहे. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या नोंदणीत विद्यापीठही आहे. एका हाताने हापूसहून बिनचूक आंबा तयार करायचा, दुसऱ्या हाताने हापूसच्या नावाची राखण करायची. मला यात विसंगती दिसते, दादाला नाही. त्याचं म्हणणं, साक्यावर उपाय आहेच, फळ चौदा आण्यांवर उतरवायचं. ते ज्ञानही विद्यापीठाच्या पत्रकात आहे, फक्त तिथे 85 टक्के पक्वता असं लिहिलेलं असतं.

काजूच्या बाबतीत उलट झालं. तिथे नावाला नव्हे, वजनाला पैसे. गावठी काजूच्या बिया किलोत दोनशेच्या वर बसतात. 1981 च्या वेंगुर्ला-4 च्या सुमारे 130, आणि 1997 च्या वेंगुर्ला-7 च्या शंभर. कारखानदार बी हातात घेऊनच भाव सांगतो, त्याला पत्रक लागत नाही. म्हणून वेंगुर्ल्याचा काजू सिंधुदुर्गात घरोघर गेला. बोंडू मात्र अजूनही झाडाखाली कुजतात. सीमेपलीकडे गोव्यात त्यांची फेणी होते, इथे गुरं खातात.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. वडिलांनी 1992 मध्ये रोहयोतून काजूची पन्नास कलमं लावली होती, वेंगुर्ला-4 म्हणून. मोठी झाल्यावर निम्म्याहून जास्त झाडांची बी बारकी निघाली. "कलमं फसवी दिली" हे वाक्य आमच्या घरात तीस वर्षं चालत आलं. मी ते तिथल्या रोपवाटिकेत, जरा तक्रारीच्याच सुरात, सांगितलं. कलम बांधणाऱ्या माणसाने एक पिशवी उचलली, जोडाखाली फुटलेला हिरवा कोंब दाखवला आणि नखाने खुडून टाकला. "ही फूट कोण काढत होतं?"

कोणी नाही. वडील मुंबईत गिरणीत, आजी एकटी. जोडाखालची गावठी फूट जोर धरते, वरचं कलम दबून मरतं, आणि झाड हिरवंगार दिसतं म्हणून कोणाला संशयही येत नाही. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकांनी सांगितलं होतं मला. पत्रात लिहिलं होतं. मी तेरा वर्षांचा होतो गो."

वेंगुर्ला-7 ची तीस कलमं भरली. परतीच्या वाटेवर कुडाळला चहा घेतला, तेव्हाही तो फारसा बोलला नाही.

दिवस पाचवा: वरकस

सकाळी उघडीप. खड्डे दादाने मे महिन्यातच मारून ठेवले होते, काजूला दोन-दोन फुटांचे, सात-सात मीटरवर. गडी दोन, मी आणि वहिनी. पिशवी ब्लेडने कापायची, मातीचा गोळा फोडायचा नाही, जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, वाऱ्याला काठीचा आधार. दहाव्या कलमापर्यंत माझी कंबर गेली. पंधराव्यानंतर मी फक्त काठ्या पुरवत होते.

मध्येच वाटेवरून चार मुली छत्र्या घेऊन आल्या. कृषिकन्या. पदवीच्या शेवटच्या वर्षात काही महिने गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करायचं असतं, त्यासाठी आलेल्या. देवळाच्या सभामंडपात त्यांनी रांगोळीने आमच्या गावाचा नकाशा काढला होता, पऱ्ह्या, विहिरी, शाळा, सगळं. आमच्या वरकसाच्या जागी हिरव्या रांगोळीत 'पडीक' असं लिहिलं होतं, ते मी आल्या आल्या पाहिलेलं. त्यातली एक साताऱ्याकडची, तिने कोकमाचं झाड आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. दादाने तिला नर-मादीचं सगळं सांगितलं, आडव्या फांदीसकट, जणू तो लहानपणापासून हेच करत आलाय. तिने ते वहीत लिहून घेतलं. मी म्हटलं, तेवढा नकाशा पण दुरुस्त करा.

दुपारनंतर दादा टेप घेऊन बागेत गेला. मी छत्री धरून मागे. घराजवळच्या मोठ्या हापूसखाली त्याने एक टोक माझ्या हातात दिलं, पूर्व-पश्चिम साडेनऊ, दक्षिणोत्तर साडेआठ. "नऊ," तो म्हणाला आणि बोटांवर गुणाकार केला. "सत्तावीस." पहारीने गोल भोकं पाडली. वहिनीच्या औषधाच्या बाटलीचं माप आणलं होतं, त्यात कल्टार 27 पर्यंत मोजून डोळ्यासमोर धरलं, बादलीत ओतलं. मग बाटलीचं बूच लावता लावता थांबला आणि आणखी एक धार सोडली.

"दादा."

"अगो, झड येतेय मागनं. थोडं वाहून जातंय."